खर्जातला पाहुणा

नको असलेल्या आवाजाला मराठीत किती नावे आहेत, हे कधी मोजून पाहिले आहे का? खरखर, खसखस, सळसळ, भणभण, घरघर, कुरकुर, किरकिर, चरचर... वर्गात नादानुकारी शब्द शिकवताना मी ही यादी फळ्यावर लिहू लागलो की तास संपतो, पण यादी संपत नाही. इंजिनियर मंडळी मात्र या साऱ्या गोतावळ्याला ‘नॉइज’ या एकाच आडनावाने हाक मारतात. मला हा भाषेवर अन्याय वाटे. गेल्या वर्षभरात मात्र या गोतावळ्यातील बहुतेक मंडळी आमच्या जेवणाच्या टेबलावर येऊन राहून गेली, आणि कोण कोणाच्या नात्यातले हे ओळखण्यात माझे सारे रविवार गेले.

झाले असे, की मी मायक्रोफोनसाठी व्हॉल्व्हचा प्रिअँप्लिफायर बांधावयास घेतला.

हे वाक्य मी प्रथम स्टाफरूममध्ये उच्चारले तेव्हा पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. मराठीच्या माणसाने फार तर ज्ञानेश्वरीची नवी प्रत बांधून घ्यावी, अशी सर्वांची समजूत. शिवाय व्हॉल्व्ह! तुमच्या आजोबांच्या रेडिओत मागच्या पुठ्ठ्याच्या भोकांतून तांबूस उजेड दिसे, तो ज्यांचा, त्या काचेच्या कुप्या. ट्रान्झिस्टरने त्यांना घरोघरच्या माळ्यावर पाठवून किती वर्षे झाली. ‘‘आजकाल दोन-चार हजारांच्या डबीत याहून शांत प्रिअँप्लिफायर मिळतो,’’ पदार्थविज्ञान म्हणाले. त्यांचे म्हणणे शंभर टक्के खरे होते आणि आजही आहे. व्हॉल्व्हमध्ये काही दैवी गोडवा असतो असे सांगणारे भाविक पुष्कळ भेटतात. मी त्यांच्या पंथातला नाही. माझे कारण निराळे होते. माझे कारण मिरजेला राहत होते, आणि त्याचे वय ८१ होते.

मिरजेला माझी आत्या असते. आतोबांचे तिथे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. रेडिओला पोस्टातून लायसन्स काढावे लागे, त्या काळातले. गणपतीत मंडळांना अँप्लिफायर पुरवावा, एरवी रेडिओ उघडून बसावे, असा त्यांचा धंदा. आत्या लग्नाआधी सहा वर्षे गाणे शिकली होती. पुढे ती चारचौघांत गायली नाही, पण घरात गाणे थांबले नाही. माझ्या आजीची गाणी तिच्यापाशी आहेत. जात्यावरच्या ओव्या, दोन पाळणे, मंगळागौरीची काही, एक भूपाळी, मोजून चौदा. शब्द एखाद्या वेळी दुसरीकडे सापडतीलही. चाली मात्र आमच्याच घरच्या, आणि त्या आता फक्त एका गळ्यात उरल्या आहेत.

तो गळा दोन वर्षांपासून बारीक होत चालला. डॉक्टरांनी तपासले. रोग काही नाही, वयाने स्वरयंत्राचे स्नायू क्षीण होतात, आणखी होतील, असे त्यांनी सांगितले. आत्या स्वयंपाकघरात बोलली तर ओसरीवर ऐकू येत नाही. पण सूर? सूर अजून सुईच्या टोकावर उभा आहे.

माझ्या मुलीने मोबाइलवर तिचे गाणे घेतले होते. ऐकले, आणि वाईट वाटले. तंबोरा नाहीसा! हे मोबाइल यंत्र बोलण्यासाठी घडवलेले. जे एकसारखे वाजत राहते ते पंख्याची घरघर समजून ते पुसून टाकते. तंबोऱ्याने एकसारखे वाजत राहू नये तर काय करावे? शब्दांचे शेवट, श्वास, सूर विरत जातानाचा तो शेवटचा धागा, सारे काही कचरा म्हणून केराच्या टोपलीत गेले होते. मग मी पुण्यातल्या स्टुडिओची गोष्ट काढली. आत्या म्हणाली, ‘‘काचेच्या खोलीत कोंडून घेऊन मी गायची नाही.’’ आणि थोड्या वेळाने माळ्याकडे बघत म्हणाली, ‘‘ह्यांची पेटी आहे वर. ते म्हणायचे, एकदा तुझ्यासाठी चांगलं यंत्र करतो. गणपती आले की राहून जायचं. त्यातलं काही चालत असलं तर बघ. मग गाते.’’

पेटी खाली उतरवली. पत्र्याची, वर्तमानपत्रांनी भरलेली, आणि प्रत्येक कागदात एकेक व्हॉल्व्ह. एकूण सतरा. काही परदेशी, बरेचसे बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे. या सरकारी कारखान्याने १९६१ साली रेडिओचे व्हॉल्व्ह करावयास घेतले, आणि आतोबांसारख्यांची परदेशी मालासाठी वाट पाहण्यातून काहीशी सुटका झाली. व्हॉल्व्हबरोबर लँगफर्ड-स्मिथ यांचे ‘रेडिओट्रॉन डिझायनर्स हँडबुक’ होते. विटेएवढे जाड. मायक्रोफोनच्या प्रकरणात मोडीसारख्या अक्षरात पेन्सिलीच्या खुणा होत्या. म्हणजे यंत्राचा बेत नुसता बोलण्यापुरता नव्हता.

आता थोडे गणित. घाबरू नका, मलाही ते चाळिशीनंतरच कळले आहे.

गायक हातात धरतात तो जाळीच्या गोळ्याचा साधा मायक्रोफोन घ्या. शुअर कंपनीचा एसएम ५८ हा त्यातला सर्वांच्या ओळखीचा, १९६६ पासून चालत आलेला. आत्याने वीतभर अंतरावरून हलकेच सूर लावला तर त्यातून निघणारी वीज साधारण दीड दशांश मिलिव्होल्ट. घड्याळात घालतो त्या पेन्सिल सेलच्या दहा हजारावा भाग! एवढीशी ती चिमूट काही हजार पट वाढवायची, आणि वाढवताना तिच्यात दुसरे काही मिसळू द्यायचे नाही.

अगदी काहीच मिसळू न देणे निसर्गाला मान्य नाही. प्रत्येक तारेत, प्रत्येक रेझिस्टन्समध्ये उष्णतेमुळे इलेक्ट्रॉन अस्वस्थ फिरत असतात आणि त्यांच्या हालचालीची एक बारीक खसखस कायम चालू असते. जॉन्सनने ती मोजली आणि नायक्विस्टने तिचे गणित मांडले. दोघांचे निबंध १९२८ साली प्रसिद्ध झाले. दीडशे ओहमच्या मायक्रोफोनची ही खसखस माणसाच्या कानाच्या टप्प्यात सुमारे ०.२२ मायक्रोव्होल्ट भरते. जगातला कोणताही प्रिअँप्लिफायर यापेक्षा शांत असू शकत नाही. पूर्ण शांतता विकत मिळत नाही, हे कळल्यावर मला उलट बरे वाटले.

यानंतर येतो व्हॉल्व्ह, आणि त्याची स्वतःची खसखस. तापलेल्या कॅथोडवरून इलेक्ट्रॉन अखंड धारेने येत नाहीत. पत्र्यावर पाऊस पडावा तसे थेंबाथेंबाने येतात. शॉटकी नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १९१८ साली हे सांगून ठेवले. पेटीत ईएफ ८६ जातीचे दोन व्हॉल्व्ह निघाले. कमी आवाजाबद्दल हा व्हॉल्व्ह जुन्या लोकांत फार नावाजलेला. पण तो पेंटोड आहे. त्यात इलेक्ट्रॉनांना जायला दोन दारे. एस.टी. फलाटाला लागल्यावर काही मंडळी पुढच्या दाराकडे, काही मागच्या दाराकडे धावतात आणि जो गोंधळ होतो, तसा त्याच्या पोटात होतो. ट्रायोडला दार एकच, म्हणून रांग शिस्तीची. मी ट्रायोड घ्यायचे ठरवले. ईसीसी ८३, एका कुपीत दोन ट्रायोड, जोडबिऱ्हाड म्हणा ना.

ईसीसी ८३ ची खसखस साधारण दीड हजार ओहमच्या रेझिस्टन्सइतकी. मायक्रोफोन दीडशे ओहमचा. सरळ जोडले तर व्हॉल्व्हचा आवाज मायक्रोफोनच्या आवाजाच्या तिप्पट होऊन बसतो, घरच्यापेक्षा पाहुणा मोठ्याने बोलू लागतो. यावरचा जुना तोडगा म्हणजे मध्ये एक ट्रान्सफॉर्मर. एकास दहा वेढ्यांचा. तो आत्याचा सूर व्हॉल्व्हपाशी जाण्याआधीच दहा पट करतो, आणि व्हॉल्व्हची खसखस आहे तेवढीच राहते. विजेचा एक कणही न खर्चता! म्यूमेटल नावाच्या धातूच्या डबीत तो बसवलेला असतो, म्हणजे बाहेरची भणभण आत शिरत नाही. हा तेवढा परदेशातून मागवावा लागला. किंमत मी इथे सांगत नाही, कारण हा अंक आमच्या घरीही येतो.

साखळीत पहिल्या कडीला एवढे महत्त्व का? पूर्वीच्या वाड्यात बातमी कशी पसरे ते आठवा. नळावरच्या पहिल्या बाईने ‘सून आली’ याऐवजी ‘सोनं आलं’ ऐकले, की पुढच्या दहाजणी कितीही चोख ऐकणाऱ्या असोत, तिन्हीसांजेपर्यंत वाडाभर सोनेच पोचणार. पहिल्या व्हॉल्व्हची खसखस पुढचे सारे व्हॉल्व्ह इमानेइतबारे मोठी करून सांगतात. पुढचे व्हॉल्व्ह थोडेफार खसखसले तरी चालते; तोवर सूर मोठा झालेला असतो. तेव्हा पेटीतला उत्तमातला उत्तम व्हॉल्व्ह पहिल्या जागी.

तो निवडण्यात तीन रविवार गेले. एकेक ईसीसी ८३ बसवायचा, पाच मिनिटे तापू द्यायचा, हेडफोन लावून ऐकायचे. एकाची नुसती खसखस, दुसऱ्याची फोडणीतल्या मोहरीसारखी तडतड, तिसऱ्याला पेन्सिलीने टिचकी मारली की ‘टण्ण’ असा घंटानाद. आतल्या पत्र्या सैल झाल्या की व्हॉल्व्ह स्वतःच मायक्रोफोन बनतो आणि टेबलावर ठेवलेल्या वाटीचा आवाजही गाण्यात घालतो. आमची मंडळी दाराशी उभी राहून म्हणाली, ‘‘अहो, तुम्ही कागदावर नंबर देताय की काय?’’ खरोखरच देत होतो. पेपर तपासण्याचीच सवय, शंभरापैकी गुण. बंगलोरचा एक पठ्ठ्या ९१ गुण मिळवून पहिला आला.

बाकीचे पटापट झाले. सामान बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत मिळाले. जुन्या कार्बनच्या रेझिस्टन्सऐवजी मेटल फिल्मचे घेतले. कार्बनमधून वीज वाहू लागली की तो जास्तीचा कुरकुरतो. साऱ्या अर्थिंगच्या तारा एकाच बिंदूवर आणून डाग दिला. ट्रान्सफॉर्मरचे दहा पट, पहिल्या ट्रायोडचे पन्नास-पंचावन्न, दुसऱ्याचे तेवढेच, म्हणजे तीस हजारांच्या घरात गेलो. एवढे लागत नाही, म्हणून दोहोंच्या मध्ये व्हॉल्यूमची कळ. शेवटी एक ट्रायोड वाढवण्यासाठी नव्हे, नुसता लांब वायरीत ढकलण्यासाठी. व्हॉल्व्हच्या तापतारा घरच्या विजेवर लावल्या की भणभण करतात, म्हणून त्यांना सहा व्होल्टची बॅटरी दिली. उरला अडीचशे व्होल्टचा पुरवठा. तो आतोबांनी एका मोडक्या रेडिओतून काढून ठेवलेला तयार होता. मीटर लावला, व्होल्टेज बरोबर. (एक सूचना: अडीचशे व्होल्ट हे प्रकरण जीवघेणे आहे, आणि बटण बंद केल्यावरही कंडेन्सर ते काही वेळ धरून ठेवतो. जुने मेकॅनिक चालू यंत्रात हात घालताना दुसरा हात खिशात ठेवत, तो ऐटीसाठी नव्हे.)

मायक्रोफोन आणि व्हॉल्व्ह यांनी जगाचे गाणे बदलले, हे एरवी आपल्या लक्षातही येत नाही. गौहर जानने १९०२ साली कलकत्त्याला ध्वनिमुद्रण केले ते कर्ण्यात तोंड घालून. वीज नाही, व्हॉल्व्ह नाही, गळ्याच्या जोरावर मेणावर रेघ उमटवायची. बालगंधर्वांचा जमाना तर माइकाशिवाय थिएटरच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचण्याचा. १९२५ च्या सुमारास विजेचे ध्वनिमुद्रण आले, आणि ज्यांचा आवाज मोठा नाही अशांचीही गाणी ऐकू येऊ लागली. आपले भावगीत कानाशी बोलल्यासारखे गाता आले, त्यात कवी आणि गायकाइतकाच वाटा त्या काचेच्या कुपीचा आहे. मोठ्या आवाजाला यंत्राची गरज कधीच नव्हती.

पावसाळा संपताच सारे बिऱ्हाड घेऊन मी मिरजेला गेलो. आत्याने तंबोरा काढला. मिरजेचाच, पंढरपूरकडच्या भोपळ्याचा. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ती बातमी कापून तिने देवघरात ठेवली आहे. तरुणपणी ती काळी पाचात गात असे. आता पांढरी पाच. रात्री साडेदहाला पंखा बंद, फ्रिज बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत. व्हॉल्व्ह तापले. मी हेडफोन आत्याच्या कानांवर ठेवला आणि तिने तारा छेडल्या. चौथी तार, खर्जाची, छेडली आणि ती थांबली. मणी खाली सरकवला. पुन्हा छेडली. वर सरकवला.

‘‘खर्ज हलतोय,’’ ती म्हणाली.

मी हेडफोन घेऊन ऐकले. मला तंबोरा भरदार वाटला. तिने हेडफोन काढून तार ऐकली, पुन्हा लावून ऐकली आणि निकाल दिला, ‘‘तार जागेवर आहे. तुझ्या यंत्रात दुसरा कुणी तरी बसलाय. माझ्याच खर्जावर, पण जरासा चढा.’’

पांढरी पाचचा षड्ज १९६ कंपनांचा. त्याचा खर्ज अर्ध्यावर, ९८. आपल्याकडची वीज ५० कंपनांची. एकदिश करताना तिच्या दोन्ही लाटा उपयोगात येतात, त्यामुळे पुरवठ्यात उरलेली भणभण १०० ची. अठ्ठ्याण्णव आणि शंभर एकत्र वाजले की सेकंदाला दोनदा आवाज फुगतो आणि ओसरतो. आत्याचा खर्ज हलत होता तो हा! आणखी एक गोष्ट तिने नकळत सांगून टाकली होती. वायरीत बाहेरून शिरलेली भणभण मुख्यतः पन्नासची असती, म्हणजे आणखी एक सप्तक खाली. तापतारा बॅटरीवर, त्या मुक्या. तेव्हा शंभरवाला पाहुणा एकाच दाराने येऊ शकत होता, अडीचशे व्होल्टच्या पुरवठ्यातून. तो कंडेन्सर बाहेरून धडधाकट दिसत होता. पण पन्नास-साठ वर्षांत आतला ओलावा सुकला की कंडेन्सर व्होल्टेज दाखवतो आणि लाटा मात्र गिळत नाही.

कान म्हातारा होतो तो वरच्या सुरांपासून. खसखस आत्याला आता जवळजवळ ऐकूच येत नाही. ज्या खसखशीशी मी वर्षभर झुंजलो तिचे तिला काडीचे कौतुक नव्हते. खर्ज मात्र शाबूत.

दुसऱ्या दिवशी टी.व्ही. दुरुस्त करणाऱ्या एका मुलाकडून साडेचारशे व्होल्टचा नवा कंडेन्सर आणला. तो बसवताना आत्या शेजारी बसून होती. जुना कंडेन्सर तिने हातात घेऊन पाहिला, त्यावरची तारीख वाचायचा प्रयत्न केला, आणि पदराला पुसून पेटीत ठेवला. टाकू का, असे विचारायचे मी टाळले.

त्या रात्री हेडफोन लावून तिने खर्ज छेडला आणि मान हलवली. मग डोळे मिटून पहिली ओवी लावली. कागदावर मी तिला दळणाची गाणी आधी आणि भूपाळी शेवटी असा क्रम लिहून दिला होता. तिने तो बघितलाही नाही. ओवीच्या दोन ओळींमध्ये ती जो श्वास घेते तो ऐकू आला, आणि त्या श्वासात तंबोरा वाजत राहिला. मोबाइलने जे पुसले होते ते हेच. दुसरे गाणे पाळणा. तिसऱ्याला वरचा पंचम लागेना. दोनदा प्रयत्न करून ती थांबली आणि कोरडेपणाने म्हणाली, ‘‘हा गेला.’’ मग ते गाणे तिने चार स्वर खाली उतरवून म्हटले. तंबोरा पुन्हा लावला नाही. खालचा मध्यमच षड्ज धरला.

चार महिन्यांत पाच फेऱ्या झाल्या. चौदांपैकी नऊ गाणी आली. बाकीच्या पाचांत दोन मंगळागौरीची आहेत. त्यांना साथीला दोघीतिघी बायका हव्यात, एकटीने म्हणता येत नाहीत, असे आत्याचे म्हणणे. म्हणून माझी मुलगी आणि आमची मंडळी सध्या स्वयंपाकघरात तालीम करीत आहेत. मुलीला षड्ज सापडतो, पण आईला नाही. पहिल्या जागेवरचा ९१ गुणांचा व्हॉल्व्ह मागच्या खेपेपासून अधूनमधून तडतडू लागला आहे. ८४ गुणांचा एक शिल्लक आहे, तो आज बसवला. शनिवारी सकाळच्या गाडीने निघतो आहोत. आत्याने फोनवर सांगितले आहे की येताना पुण्याहून तंबोऱ्यासाठी जव्हारीचा दोरा आणा, इथला दोरा जाड मिळतो.